चिरा, वीट आणि एक कागद

आमच्या रत्नागिरीकडे घर बांधायचं ठरलं की पहिला वाद चिरा की वीट यावर होतो. आखातात नोकरी करणारा मुलगा म्हणतो वीट, घरातले वडीलधारे म्हणतात चिरा. या वादात महिना जातो. गवंड्याशी बोलणं मात्र एका चहात उरकतं. "आपलाच माणूस आहे, होईल हिशेब नंतर." माझा आक्षेप या दुसऱ्या वाक्यावर आहे. पण आधी चिऱ्याचं बोलू.

चिरा म्हणजे जांभ्या दगडाची घडीव चीप. इंग्रजीत या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यानं 1807 साली दिलं. मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधताना त्यानं पाहिलं होतं. 'लॅटर' या लॅटिन शब्दाचा अर्थच वीट. म्हणजे ज्या दोघांत आपण भांडण लावतो, ते नावानं तरी भाऊच आहेत.

खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून तो ट्रकमधून उतरवून लगेच भिंतीत घालू नये, काही आठवडे रचून ठेवावा. पावसाळ्यात खाणी बंद असतात, तेव्हा खरेदी त्याआधीच उरकावी. चिऱ्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी दिसल्या तर तो बाजूला काढावा, कारण माती पावसात धुऊन जाते आणि भोक उरतं. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्यानं आपल्या वजनाच्या 12 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. साध्या विटेला ही मर्यादा 20 टक्के आहे. वीट चोवीस तास पाण्यात बुडवून आधीचं आणि नंतरचं वजन केलं की घरीच कळतं. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला हवा.

आमच्याकडे बाहेरच्या भिंतींना चिराच बरा. तो जवळ मिळतो, वीट बरेचदा घाटावरून आणावी लागते आणि तिचं भाडं अंगावर येतं. आतल्या आडभिंतींना मात्र वीट सोयीची. चार इंची भिंत चालते, खोली मोठी राहते, वजनही कमी. ज्यांच्या घरात वाद चालू असेल त्यांनी असा समेट करून पाहावा.

आता गवंडी. त्याचं नवं काम पाहू नका, दोन-तीन पावसाळे खाल्लेलं काम पाहा. भिंतीचा कोपरा ओळंब्यात आहे का, सांधे एकसारखे आहेत का, खिडकीखाली ओल उतरली आहे का, हे तिथे दिसतं. वीट लावण्याआधी भिजवतो का आणि एका दिवसात भिंत किती उंच नेतो, हे विचारा. पाच फुटांच्या वर एका दिवसात नेणाऱ्यापासून जपून राहा, खालचा माल अजून ओला असतो.

एवढं पाहूनही काम बिघडतं, आणि दर वेळी मालकाचंच नुकसान होतं असं नाही. आमच्या नात्यातल्या एका घराचं सांगतो. मिस्त्री विजापूरकडचा, हात चांगला. भाव ठरला फुटावर, तोंडी. भिंती उभ्या राहिल्यावर मालक म्हणाले, दारं-खिडक्यांची जागा वजा करा, तिथे भिंत कुठे आहे? मिस्त्री म्हणाला, चौकटीच्या कडा सरळ काढायला भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, आमच्यात ती जागा मोजतात. दहा खिडक्या आणि चार दारं, मिळून अडीचशे चौरस फुटांच्या वर. दोघंही आपल्या जागी खरे होते. हिशेब मांडायला मला बोलावलं. ठरलं काय होतं, हे सांगणारं काहीच नव्हतं. वडीलधाऱ्यांनी निम्म्यावर तोडलं. मिस्त्रीनं बिगाऱ्यांची मजुरी आधीच खिशातून दिली होती. तो निम्मे पैसे घेऊन, "ठीक आहे, गुरुजी," एवढंच म्हणून निघून गेला. हिशेबाला मास्तर लागतो, कराराला कुणालाच लागत नाही!

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्या प्रत्येक जुम्म्याच्या खुतब्यात बसते. पण मजुरी किती, हेच ठरलं नसेल तर घाम सुकण्याआधी द्यायचं काय? कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोज्याबद्दल नाही. सूरह बकरहची ती 282 वी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, असं ती सांगते. ज्याच्यावर देणं आहे, त्यानं मजकूर सांगायचा आहे. म्हणजे लिहून ठेवायचा आग्रह मालकानंच धरायला हवा. तरी आपल्या मोहल्ल्यात कागद काढला की माणूस दुखावतो, "भरवसा नाही का?" म्हणतो. भरवसा आहे म्हणूनच लिहायचं, म्हणजे तो शेवटपर्यंत टिकतो.

कागदाला वकील लागत नाही. भाव नगावर, फुटावर की ब्रासवर. दारं-खिडक्या मोजायच्या की वजा करायच्या. माल कुणाचा, परांची कुणाची, भिंतीवर पाणी मारायचं काम कुणाचं. जोत्याला किती पैसे, लिंटलला किती, स्लॅबला किती, आणि शेवटी किती राखून ठेवायचे, ते कधी द्यायचे. वाढीव काम निघालं तर त्याचा दर. दोन साक्षीदार, दोन प्रती. मिस्त्रीला मराठी वाचता येत नसेल तर त्याला समजेल त्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची.

शाळेत पत्रलेखन शिकवताना मी हल्ली मुलांकडून असा एक करारही लिहून घेतो, मराठीत आणि उर्दूत. उर्दूत बांधणाऱ्याला मेमार म्हणतात. इमारत हा शब्दही त्याच मुळाचा, आणि तो आपण मराठीत रोज वापरतो. मुलांना हे सांगितलं की गंमत वाटते. त्यांच्यापैकी काही जण उद्या घर बांधतील, काही जण कदाचित गवंडी होतील. दोघांनाही हा कागद लिहिता यायला हवा.