प्रवाहाला तोंड देऊन
भरती मोठी म्हणजे प्रवाहही मोठा, असं नसतं. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, सॅन फ्रान्सिस्कोत जेमतेम दोन. तरी कप्तान म्हणून जहाज धक्क्याला लावताना मला धास्ती वाटायची ती सॅन फ्रान्सिस्कोचीच. एवढ्या अवाढव्य उपसागराला समुद्राकडे उघडणारं दार एकच, गोल्डन गेट, आणि तेही दीडेक किलोमीटर रुंदीचं. सॅक्रॅमेंटो आणि सॅन वाकीन या नद्याही त्याच वाटेनं बाहेर पडतात. जोराच्या ओहोटीला तिथल्या पुलाखालचं पाणी चार नॉटच्या पुढे धावतं.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला राहतो. हे गाव टेकड्यांच्या आत, इथून समुद्र दिसत नाही. पण बार्ट रेल्वेनं सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरोला उतरलं, की २०१४ साली सुरू झालेलं पिअर २७चं क्रूझ टर्मिनल पायी गाठता येतं. जहाज लागायच्या वेळी मी तिथे जाऊन उभा राहतो.

शेजारची मराठी मुलं विचारतात, ‘आजोबा, जहाजाला ब्रेक असतो का?’ नसतो. समोरून येणारा प्रवाह हाच ब्रेक. दोन नॉटच्या प्रवाहाला तोंड देऊन जहाज पाण्यातून दोन नॉटनंच चालवलं, तर धक्क्याच्या हिशेबानं ते जागच्या जागी उभं असतं. पण सुकाणूवरून पाणी वाहत असतं, म्हणून ते आपलं ऐकतं. मग नाक धक्क्याकडे काही अंशच वळवायचं. प्रवाहच जहाजाला बाजूला सरकवत नेतो. दाभोळच्या खाडीत ओहोटीच्या वेळी होडीवाले नाक वरच्या अंगाला धरून पलीकडे जायचे, ते लहानपणी पाहिलं होतं. तीनशे मीटरच्या जहाजालाही नियम तोच.

हे ‘काही अंश’ सांभाळणं म्हणजेच आमची कला. कोन जास्त झाला, की पाणी थेट कुशीवर येतं. प्रवाह दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. तळाखाली पाणी कमी असेल तर दाब आणखी वाढतो, कारण पाण्याला खालून निसटायला वाट उरत नाही. वरून तेरा-चौदा मजल्यांच्या भिंतीवर वारा असतोच. जहाजाला बाजूला ढकलणारे थ्रस्टर आहेत ना, असं लोक म्हणतात. आहेत, पण जहाजाचा पाण्यातला वेग दोन-तीन नॉटच्या वर गेला की नाकाकडच्या बो थ्रस्टरचा जोर बराच घटतो. म्हणजे प्रवाह तगडा असला, की नेमका गरजेच्या वेळी तो कमी पडतो.

किनाऱ्यापासून सरळ पाण्यात घुसलेला जुना पिअर ३५ तर आणखी अवघड. आत शिरताना जहाजाचा पुढचा भाग आडोशाच्या संथ पाण्यात येतो, मागचा अजून प्रवाहातच असतो. पुढचा थांबतो, मागचा वाहू लागतो आणि जहाज फिरू पाहतं. तिथे ताकदीपेक्षा वेळ कामाला येते: पाणी थबकेपर्यंत थांबायचं. आणि गोल्डन गेटच्या प्रवाह-तक्त्यातली वेळ धक्क्यापाशी जशीच्या तशी लागू पडत नाही. कडेचं पाणी आधी फिरतं, मधलं नंतर. हे ज्ञान बार पायलटांचं. १८५०पासून ते या बंदरात जहाजं आणताहेत. पुलाच्या पश्चिमेला अकराएक सागरी मैलांवर पायलट शिडीनं जहाजावर चढतो. त्याच्यासमोर मी नेहमी विद्यार्थी राहिलो, आणि त्यातच शहाणपण होतं असं आजही मानतो.

६ जुलै २०२३ रोजी ‘रुबी प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज पिअर २७ला लागताना धक्क्यावर आदळलं. कोणी जखमी झालं नाही, पण दुरुस्तीसाठी अलास्काची पुढची सफर काही दिवस लांबली. तिथे काय घडलं, यावर बाहेरून बोलायचा मला अधिकार नाही. मला काळजी वाटते ती वेळापत्रकाची. सकाळी हजारो प्रवासी उतरणार, त्यांची विमानं ठरलेली, दुपारी नवे चढणार. या घाईत ‘तासभर थांबू’ म्हणणाऱ्या कप्तानाच्या पाठीशी कंपनीनं ठाम उभं राहिलंच पाहिजे. पायलट ब्रिजवर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: माघार घ्यायची झाली, तर वळायला शेवटची जागा कुठली? ती जागा नकाशावर पेन्सिलीनं खूण करून झाली, की मगच आम्ही धक्क्याचं बोलायचो.