पंप कोणाच्या हातात?

"सिस्टर, पंप मारला, पण धाप काही बसेना." घरी सोडल्यावर चौथ्या रात्री चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आजी वॉर्डात आली. कसा मारला ते दाखवा म्हटलं, तर तिने पोराच्या उघड्या तोंडासमोर पंप धरला आणि अत्तर उडवावं तसा दाबला. औषध सगळं जिभेवर. पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी, तो स्पेसर कुठाय? "कपाटावर ठेवलाय, पोरं मोडतील म्हणून."

घरी सोडायच्या दिवशी मी सगळं शिकवलं होतं, अगदी मनापासून. पण आईला. आई सकाळी सातला कामावर जाते आणि पोर दिवसभर आजीपाशी असतं, हे मी विचारलंच नव्हतं. कार्डावर 'इन्हेलर कसा घ्यायचा ते समजावले' असं लिहून सही ठोकली होती. ती सही मला अजून टोचते.

आता मी पहिल्याच दिवशी विचारते, घरी पंप कोणाच्या हातात असणार? त्या माणसाला बोलावून घेते. शिकवणं शेवटच्या दिवसावर ठेवत नाही. त्या दिवशी बिल, रिक्षा, घरची ओढ, कान जागेवर नसतात. मशीनची वाफ थांबून पंप सुरू झाला की प्रत्येक डोस घरच्यांच्याच हातून. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट, एकदाच दाबायचं, पाच-सहा श्वास मोजायचे. दुसऱ्या डोससाठी पुन्हा हलवायचा. मी हात मागे बांधून उभी राहते. फार जड जातं ते. चूक दिसली की हात आपसूक पुढे जातो.

स्पेसर परवडत नसेल तर 500 मिलीची पाण्याची बाटलीही चालते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, फट राहू द्यायची नाही. केपटाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते दाखवून दिलं.

पंप दोन असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. रोजच्यावर मी चिकटपट्टी लावून सूर्य-चंद्र काढते, धाप लागल्यावरचा तसाच ठेवते. "खोकला गेला, आता कशाला? सवय लागेल," असं म्हणून रोजचाच आधी बंद पडतो. तो सूज उतरवतो, पोर खेळत असलं तरी द्यायचा, हे मी तीनदा सांगते, मग त्यांच्या तोंडून ऐकते.

त्या नातवाला दुसऱ्यांदा घरी सोडताना आजीने बोटांच्या पेरांवर श्वास मोजले. स्पेसर कुठे ठेवणार, विचारलं.

"उशाशी."