कोऱ्या नलिका

डबा उघडताच फॉर्मॅलिनचा झोंबरा वास आला, की माझा जीव भांड्यात पडतो. त्या सकाळी तो आला नाही. 62 वर्षांच्या बाईंच्या स्तनातली गाठ. मुलगा रात्रभर एसटीत डबा मांडीवर धरून बसला होता. आत नुसतं सलाइन. "मॅडम, हिंदकळू दिला नाही," तो म्हणाला.

स्तनाच्या कर्करोगात औषधाची दिशा ठरते ती मुख्यतः ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू या तीन प्रथिनांवरून. रक्तातल्या सीए 15-3 वरून नव्हे, तो आकडा दाखवून "केमो कुठली?" विचारणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात. आम्ही गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंडं टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंग शोधतो. ईआर-पीआरचा रंग पेशीच्या केंद्रकात येतो. 1 टक्का केंद्रकं रंगली तरी पॉझिटिव्ह. हर-टूचा रंग पेशीभोवती कुंपणासारखा चढतो. 3+ असेल तर हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा मार्ग खुला होतो. 2+ असेल तर हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी. पेशींच्या वाढीचा वेग दाखवणाऱ्या केआय-67वर मात्र मी फार भार टाकत नाही. मधल्या आकड्यांत दोन पॅथॉलॉजिस्टांची मोजणी जुळत नाही.

बाईंच्या स्लाइडवर कुठेच रंग नव्हता. 'ट्रिपल निगेटिव्ह' लिहिलं असतं, तर त्यांच्या वाट्याला केमो आली असती. पण शेजारच्या निरोगी दुग्धनलिकाही कोऱ्या होत्या. त्यांतल्या काही पेशी तरी ईआरने रंगायलाच हव्यात. गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडली नाही, तर प्रथिनं नासू लागतात. मी रिपोर्ट अडवला आणि शस्त्रक्रियेआधी सुईने काढलेल्या तुकड्याचा ब्लॉक मागवला. त्यात ईआर 90 टक्के, हर-टू निगेटिव्ह.

गाठ लहान, ग्रेड 1, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. 2018 साली टेलर-एक्स या अभ्यासाने दाखवलं, की अशा गाठींत 21 जनुकांच्या चाचणीचा गुण 11 ते 25 असेल, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांना केमोचा जादा फायदा होत नाही. ती चाचणी या घराला परवडणारी नव्हती. कर्करोगतज्ज्ञांनी हाती होतं त्यावर निर्णय घेतला: इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची रोज एक गोळी, केमो नाही.

शल्यचिकित्सक मित्रांनो, डब्यात गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन घाला. आणि नावाखाली दोन वेळा लिहा: गाठ काढली ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकली ती.