नदी, नाला आणि दूषण

मराठीत ‘दूषण’ हा शब्द जुनाच आहे. कोणास दूषण द्यावयाचे म्हटले की ते देणारा एक आणि ज्याच्या माथी ते लागते तो दुसरा, असे दोन पक्ष त्यात गृहीत असतात. ‘प्रदूषण’ हा त्याच कुळातला. हिंदी, मराठी, गुजराती व ओडिआ या भाषांनी तो जवळजवळ एकाच रूपात स्वीकारला; बंगालीने तर उपसर्गही न घेता ‘दूषण’ याच शब्दावर भागविले. मात्र या अर्थांतरात दोषाचा धनी नाहीसा झाला. पाणी दूषित होते, हवा बिघडते, हवामान बदलते. अकर्मक क्रियापदांची ही ओळ वाचताना कोणी काही केले असावे, अशी शंकाही येत नाही.

दिल्लीतील यमुना हे या व्याकरणाचे ठळक उदाहरण होय. यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत नदीची लांबी १,३७६ किलोमीटर. त्यात वजिराबाद ते ओखला हा टप्पा अवघा २२ किलोमीटरांचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. तरीही नदीतील प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार याच टप्प्यात पडतो. कारणे गूढ नाहीत. हरियाणात हथिनीकुंड येथे कालव्यांसाठी आणि वजिराबाद येथे शहराच्या पिण्यासाठी पाणी उचलले जाते. त्यामुळे पावसाळा सरला की पुढे जे वाहते त्यात नदीचे स्वतःचे पाणी थोडे आणि सांडपाणी फार. २०२१ च्या छठपूजेत कालिंदी कुंजजवळ स्त्रिया ज्या पांढऱ्या फेसात उभ्या राहिल्या, तो कपडे धुण्याच्या पावडरींतील रसायनांचा, बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना उठलेला फेस होता. दुरून घेतलेल्या छायाचित्रांत तो हिमासारखा दिसतो.

या सांडपाण्याचा सर्वांत मोठा वाटा नजफगढ नाला वाहून आणतो. मूळची ती साहिबी नदी. राजस्थानातील अरवलीत उगम पावून हरियाणातून दिल्लीत येणारी. नजफगढच्या विस्तीर्ण सरोवरात तिचे पाणी पसरत असे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत ते सरोवर आटविण्यासाठी पाट खोदला गेला, पुढे तो रुंद केला गेला, आणि कालांतराने दफ्तरात नदीच्या जागी नाला आला. केवळ नाव बदलल्याने पाणी घाण झाले असे नव्हे. परंतु नदीत घाण सोडताना जो संकोच वाटावा, तो नाल्याच्या बाबतीत उरला नाही.

वास्तविक ‘नाला’ हा शब्दही मुळात निर्दोष. ‘नदीनाले भरून वाहू लागले’ हे मराठीत सुकाळाचे वाक्य आहे. ओहोळ, ओढा, नाला, नदी अशी वाहत्या पाण्याची भाजणीच ग्रामीण बोलीत आढळते. कोकणात आणखी वहाळ आहे. शहरांनी मात्र नाला आणि गटार यांना समानार्थी करून टाकले.

मुंबईने या अर्थांतराची किंमत मोजली. विहार व पवई तलावांच्या सांडव्यावरून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे, याचा कित्येक मुंबईकरांना विसर पडला होता. तिच्या पात्रात भराव पडले, विमानतळापाशी तिला वळविण्यात आले, मुखाजवळची तिवरे तोडली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच भरतीची वेळ साधली आणि शहरातील शेकडो माणसे प्राणांस मुकली. ‘मिठी नदी’ हे नाव त्यानंतर सर्वांच्या तोंडी आले.

एका दिवसात इतका पाऊस का पडावा, असा प्रश्न केला की नाल्याची कथा आभाळाला जाऊन भिडते. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होता, तो आज ४२० च्या वर गेला आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एखाद्या विशिष्ट दिवसाचा पाऊस सर्वस्वी तापमानवाढीच्या खाती मांडता येत नाही, हे खरे. तथापि तापलेली हवा आणि तापलेला समुद्र अशा दिवसांना अनुकूल ठरतात. शिवाय प्राणवायू संपलेल्या, कुजत्या सांडपाण्यातून निघणारा मिथेनही उष्णता अडवितोच. म्हणजे खालचा नाला वरच्या आभाळालाही थोडा हातभार लावतो.

२०२० मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून त्याच्या परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. हस्त नक्षत्रात भाताच्या कापणीकडे डोळे लावून बसलेल्या कोकणातील शेतकऱ्याला हे नऊ दिवस किती जड, हे सांगावयास नको. साहित्याच्या अभ्यासकांनाही त्याचा विचार करावा लागेल. षड्ऋतुवर्णन असो की उत्तरेकडील बारहमासा, विरहिणीचा प्रियकर वचन मोडतो तेव्हा निदान महिना तरी आपले वचन पाळतो, या भरवशावर ती रचना उभी असते. तो भरवसा आता डळमळला आहे.

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरांवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मोडला आणि पाणी लाल किल्ल्याच्या तटापर्यंत आले. मोगल काळात ती तेथूनच वाहत होती.

भागवताच्या दशम स्कंधातही यमुनेचे पाणी विषारी होते; पण तेथे विष कोणाचे हे ठाऊक आहे. त्याचे नाव कालिय, त्याचा डोह प्रसिद्ध, आणि त्याला तेथून घालविणे शक्य आहे. आजच्या विषाला असा एक फणा नाही. १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा झाला, १९९३ मध्ये यमुना कृती योजना सुरू झाली, आणि तरी नदी मैलीच राहिली. कारखान्याने सोडले, नगरपालिकेने शुद्ध न करता वाहू दिले, शासनाने परवानगी दिली, घराघराने ओतले, अशी सकर्मक वाक्ये लिहिण्यास आपल्या भाषा अजून कचरतात. नदीला तिचे नाव परत द्यावयाचे, तर वाक्याला त्याचा कर्ताही परत द्यावा लागेल.