दमेकरी इंजिन आणि आमची घाई

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी आमच्याकडे एक तरुण आला. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारा, हाताचा कसबी. त्याच्या वडिलांनी हौसेने राखलेली सहा सिलिंडरची जुनी डिझेल मोटार घरी आहे. तो म्हणाला, "फादर, आफ्रिकेत असताना तुम्ही गाडीला टर्बो बसवला होता म्हणे. आमच्या गाडीला बसवू का?"

होय किंवा नाही असे एका शब्दात सांगणे सोपे होते. परंतु आम्ही त्यास आमची फजिती सांगितली. तीच, वाचकहो, येथे सांगतो.

२०१४ साली आमची नेमणूक टांझानियाच्या दक्षिणेस, न्यासा सरोवराच्या किनाऱ्यानजीक झाली. तेथील लहानशा दवाखान्याची एक टोयोटा लँड क्रूझर आमच्या स्वाधीन होती. तिचे इंजिन '१ एचझेड' जातीचे. सहा सिलिंडर, ४१६४ घनसेंटिमीटर, १९९० सालापासून बनू लागलेले. मोठे सोशिक यंत्र! परंतु सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४७५ मीटरांवर, आणि अडलेल्या रोग्यास न्यावयाचे मोठे रुग्णालय म्बेया गावी. टुकुयू मागे टाकून वाट सुमारे दोन हजार मीटरांपर्यंत चढते. त्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने विरळ असते. डिझेल तेवढेच आणि हवा कमी. मग ते अर्धवट जळून काळा धूर होतो. रोगी, परिचारिका व नातलग यांचे ओझे घेऊन ती गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकीत चढे.

या विकारावर टर्बो हे खरे औषध आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरते. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणारे हे यंत्र आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याच्या कल्पनेतून निघाले. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले.

परंतु हवेबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो. १९६२ साली अमेरिकेत शेवरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीच्या सहा सिलिंडरी इंजिनास टर्बो लावला, तेव्हा शक्ती १०२ वरून १५० अश्वशक्तींवर गेली. पण कारखान्याने त्याचबरोबर दाबाचे प्रमाण ९ वरून ८ पट केले आणि आतील भागही अधिक दणकट घातले. आमच्या इंजिनाचे प्रमाण होते २२.४ पट. त्याच घराण्यातील टर्बोसाठी मुद्दाम घडविलेल्या '१ एचडी-टी' इंजिनात ते १८.६ ठेवलेले आहे. म्हणजे आमचे इंजिन या ओझ्यासाठी जन्मलेलेच नव्हते.

हे सारे आम्हांस एका वृद्ध 'फुंडी'ने, म्हणजे तेथील मिस्त्रीने, समजावून दिले होते. २०१६ साली त्याने टर्बो बसविला. धुराची नळी मोठी केली, इंजिनातील तेल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत नेले, परतीच्या तेलासाठी वाट केली. हवेचा जादा दाब अर्ध्या वातावरणाएवढाच ठेवला. धुराचे तापमान दाखविणारा काटा आमच्या डोळ्यांसमोर लावून तो म्हणाला, "पाद्री, हा सातशे अंशांपुढे गेला की पाय उचला. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटे तसेच चालू द्या, नाहीतर टर्बोतले तेल करपेल. आणि डिझेलच्या स्क्रूला हात लावू नका. पोले पोले!" पोले पोले म्हणजे हळूहळू.

धूर नाहीसा झाला, चढ सुसह्य झाला. पण आमचे समाधान होईना. फुंडी परगावी गेला असता आम्ही एका पोराकडून पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढविले. गाडी उडू लागली! काटा आठशेच्या पलीकडे जाई; आमचे लक्ष मात्र रस्त्यावर, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या हुशारीवर.

काही आठवड्यांत रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले. गळती कोठे दिसेना. अखेरीस पाण्यात बुडबुडे उठू लागले. फुंडीने हेड उतरविले, तो व्हॉल्व्हांच्या मध्ये तडे गेलेले. दोष यंत्राचा नव्हता, त्याचाही नव्हता, आमचा होता. तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

दुसरे हेड येईपर्यंत गाडी तीन आठवडे उभी होती. त्यातच एके रात्री एक स्त्री प्रसूतीसाठी अडली. दुसरे वाहन मिळण्यास चार तास लागले. तिच्या नवऱ्याने एकदाच विचारले, "पाद्री, तुमची गाडी?" आम्हांस उत्तर देता आले नाही. देवदयेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण ते चार तास आम्ही विसरलो नाही. नवे हेड बसले, स्क्रू पूर्वीच्या जागी आला, आणि २०२१ साली आम्ही निघेपर्यंत ती गाडी टर्बोसह निमूटपणे घाट चढत होती.

तरुणास आम्ही एवढेच सांगितले, "टर्बो अवश्य बसव, पण आधी इंजिनाची प्रकृती तपास, तापाचा काटा लाव, आणि डिझेल वाढविण्याचा मोह झाला तर गाडीतून कोणाला न्यायचे आहे ते आठव."

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. टर्बो अद्याप घेतलेला नाही. काटा मात्र बसविला आहे. वडिलांना शेजारी बसवून तो चोर्ला घाट चढून आला होता, आणि कोणत्या वळणावर किती ताप, हे त्याने वहीत टिपून आणले होते. ती वही आम्ही पहिल्या पानापासून मन लावून वाचली.