वर्षाला एक डॉलर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना आनंदीबाई जोशी सांगाव्या लागत नाहीत. कुठल्याही मंडळाची स्मरणिका उघडा, दोन-तीन वर्षांत एकदा तरी त्यांच्यावर लेख असतोच. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाई, त्यांना आनंदीबाई 'मावशी' म्हणत हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या रक्षेवर उभा असलेला दगड बघायला आम्हीही मुलीला घेऊन गेलो होतो. तिथे आधीच कुणीतरी चाफ्याची (प्लॅस्टिकची का होईना) फुलं ठेवून गेलेलं होतं.

पण ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या पदवीदान समारंभाला आणखी एक मराठी बाई हजर होती, तिच्याबद्दल आपल्या मंडळांत फारसं कोणी बोलत नाही. पंडिता रमाबाई. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्याच. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं आमंत्रण घेऊन त्या इंग्लंडहून आल्या. आल्या होत्या समारंभापुरत्या आणि राहिल्या पावणेतीन वर्षं. १८८८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या, त्या जपानमार्गे मुंबईला पोचल्या १८८९ च्या फेब्रुवारीत. आपल्यातले कितीतरी जण 'दोन वर्षांत एमएस करून परत' असं सांगून आलेले आहेत, तेव्हा मुक्काम लांबण्याचं आपल्याला नवल नाही. फरक इतकाच, की रमाबाई खरोखर परत गेल्या.

न बोलण्याचं कारण उघड आहे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या. आनंदीबाई हिंदू म्हणून आल्या आणि हिंदू म्हणूनच परत गेल्या, त्यामुळे त्यांचा फोटो आपण निर्धास्तपणे भिंतीवर लावतो. रमाबाईंच्या बाबतीत आपल्या घशात कुठेतरी अडकतं.

आमच्या घरी तर रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, एवढंच समीकरण होतं. केडगाव म्हटलं की आमच्या आईला नारायण महाराजांचं बेट आठवे. त्याच केडगावात रमाबाईंचं मुक्ती सदन आहे हे तिनं कधी सांगितलं नाही, बहुधा तिलाही कोणी सांगितलं नसावं. पंडिता रमाबाई आम्हाला भेटल्या त्या इथेच, अमेरिकेत, आणि त्याही एका वाईट वर्षात.

ते वर्ष २००९. आम्ही एमएस करून तीन वर्षं झालेली, एच-वनवर नोकरी, घरी सहा महिन्यांची मुलगी. एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये बोलावणं आलं आणि बारा वाजता हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभे होतो. हे अनेकांनी भोगलंय, त्याचं रडगाणं गात नाही. मात्र आजच्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, नोकरी गेल्यावर आज मिळते ती साठ दिवसांची मुदत तेव्हा नव्हती. ती २०१७ साली आली. नोकरी संपली की स्टेटसच संपलं. आमच्या सौ. एच-फोरवर, म्हणजे हाताशी इंजिनियरिंगची पदवी असूनही कमवायची परवानगी नाही. कोब्राच्या विम्याचा हप्ता बघून डोळे फिरले. वकिलाच्या सल्ल्यानं एक अर्ज टाकला, दोनपैकी एक गाडी विकली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात दिवस मोजत बसलो.

आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. जिन्यात भेटल्या तर 'हाय' म्हणायचं, एवढीच ओळख. त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी दार वाजलं. हातात झाकलेला गरम काचेचा ट्रे. "तुम्ही मांस खात नाही ना? मी चौकशी करून केलंय," म्हणाल्या. मॅकरोनी अँड चीज होतं. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या चर्चमधलं कोणी ना कोणी काहीतरी घेऊन यायचं. त्यांनी आपसात वार वाटून घेतले होते. आता इतकं चीज पोटात गेलं की अजून पुरे, हा भाग वेगळा. मुलीचा कान दुखायला लागला तेव्हा बर्फातून गाडी काढून डॉक्टरांकडे नेलं तेही याच बाईंनी.

आम्ही वाट बघत होतो की आता पुस्तिका निघेल, आता रविवारी या म्हणतील. मध्यमवर्गीय मराठी मन! फुकट मिळालेल्या वस्तूच्या मागे बिल येणारच, हे आपल्या अंगात भिनलेलं. बिल आलं नाही. एकदाच त्यांनी विचारलं, तुमची हरकत नसेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करू का? नाही कसं म्हणणार? बाईंनी तिथेच सोफ्यावर डोळे मिटले. आम्हाला वाटलं, नोकरी मिळू दे म्हणून देवाला साकडं घालतील. त्यांनी सुरुवात केली ती आभारांनी. या बाळाबद्दल आभार (नाव अर्थातच चुकीचं उच्चारून), या उबदार खोलीबद्दल आभार, हे दोघं एकमेकांशी अजून प्रेमानं बोलतात त्याबद्दल आभार. नोकरीचा विषय अगदी शेवटी, एका वाक्यात. सौ.च्या डोळ्यांना धार लागली. आम्ही मात्र हादरून गेलो होतो. गेले कित्येक दिवस आमच्याकडे काय उरलं नाही याचाच हिशेब चालला होता, आणि ही परकी बाई आमच्याच घरात बसून, काय आहे त्याची यादी वाचत होती.

त्या रिकाम्या दिवसांत पब्लिक लायब्ररी हेच आमचं ऑफिस. रेझ्युमे पाठवून झाले की कपाटं धुंडाळायची. तिथे मीरा कोसंबींनी इंग्रजीत आणलेलं रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक सापडलं. मूळ पुस्तक मराठीत, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९ चं. म्हणजे ज्या देशात आपण येऊन पडलोय त्याच्याबद्दल एका मराठी बाईनं सव्वाशे वर्षांपूर्वी सगळं लिहून ठेवलं होतं. त्यात कौतुक आहे, बायकांच्या संस्थांचं तर फारच, पण डोळे मिटून नाही. गुलामगिरीबद्दल आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या हालांबद्दल त्या स्पष्ट बोलतात. ख्रिस्ती झालेल्या बाईनं ख्रिस्ती देशाला सूट दिलेली नाही, हे आम्हाला फार आवडलं.

मग रमाबाईंचं चरित्र मिळवून वाचलं. बिचारीनं काय काय सोसलं! जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारं कुटुंब. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी हिंडत कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न, पुढल्या वर्षी मनोरमेचा जन्म, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवरा गेला. वय तेवीस. डॉक्टर व्हायला म्हणून १८८३ साली इंग्लंडला गेल्या तर कानानं दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्यानं वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २९ तारखेला वाँटेजला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

पैशासाठी बाटली, असं तेव्हा पुण्यात बोललं गेलं. आजही बोललं जातं. पण त्यांनी स्वतः कारण सांगितलंय ते निराळं आहे. वाँटेजच्या जोगिणींचं लंडनमध्ये फुलहॅमला काम होतं. समाजानं वाया गेलेल्या ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. त्या बायकांना कोणी हाडतुडूत करीत नाही, उलट मायेनं वागवतात, हे रमाबाईंनी पाहिलं. असं का, म्हणून विचारलं तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगण्यात आली. ज्या बाईनं दुष्काळात आईबाप गमावले होते आणि विधवेचं जिणं आतून पाहिलं होतं, तिला ही गोष्ट कशी वाटली असेल! आम्ही चर्चमध्ये गेलो नाही, आमचा देव्हारा आहे तिथेच आहे. तरी मॅकरोनीचा ट्रे हातात धरलेल्या माणसाला रमाबाईंचं हे कारण खोटं वाटणं शक्य नव्हतं.

आणि 'बाटली' म्हणून वाकली मात्र नाही. शेवटपर्यंत साडी, शेवटपर्यंत शाकाहार. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा धर्मावरून पत्रांतून वाद चाले. माझी विवेकबुद्धी कुणा बिशपकडे गहाण नाही, असा एकूण सूर. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत तर त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी कितीतरी वर्षं लागली. आम्हाला हे कबुलीचं वाक्य वाटत नाही, हिशेबी माणसाचं वाटतं.

अमेरिकेतली वर्षंही सुखाची नव्हती. पाच वर्षांच्या मनोरमेला काही महिन्यांतच इंग्लंडला परत धाडावं लागलं. एकटीनं गावोगाव फिरून व्याख्यानं, शिवाय फिलाडेल्फियात बालोद्यान पद्धतीचं शिक्षण. १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक काढलं आणि डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पंथाचे; उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स. रविवारी एका छपराखाली न बसणारी ही मंडळी एका मराठी विधवेच्या शाळेसाठी एका टेबलाशी बसली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. एक डॉलर! आमच्या मंडळाची वर्गणी दहा डॉलरनं वाढली तेव्हा जनरल बॉडी मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली होती, त्याची आठवण झाल्याशिवाय राहवत नाही.

त्या डॉलरांतून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. आनंदीबाई तोवर राहिल्या नव्हत्या. पहिल्या विद्यार्थिनींतल्या एक विधवा गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. हिंगण्याचं नाव घेताना आपला ऊर भरून येतो. पण त्या घरातली बाई शिकली ती कुठल्या तरी अमेरिकन म्हातारीनं वर्षाला पाठवलेल्या डॉलरवर, हे आम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं. १८९३ मध्ये सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात काहूर उठलं, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, मुली काढून नेल्या. आणि तरी १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० बायका-मुली घेऊन आली. लहानपणी दुष्काळात आपल्याला कोणी उचललं नाही, याचा राग न धरता.

आम्हाला तीन महिन्यांनी नोकरी लागली. गाव बदललं, चर्चची मंडळी सुटली, नर्सबाईंशी ख्रिसमसच्या कार्डापुरता संबंध राहिला. आता मुलगी सोळा वर्षांची आहे.

गेल्या वर्षी महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही कमिटीत रमाबाईंचं नाव सुचवलं. एकदम शांतता. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, आनंदीबाई करा की, उगाच वाद कशाला? लोक मुलांना घेऊन येतात." हे सगळं कुठे चाललं होतं? चर्चच्या तळघरात. आमची मराठी शाळा तिथे भरते, गणपती तिथे बसतो, दिवाळीचा फराळ तिथे होतो. फेलोशिप हॉलचं भाडं इतकं नाममात्र आहे की खजिनदार ते ऐकून दरवर्षी नव्यानं खूश होतात. ग गणपतीचा गिरवतो तो त्यांच्याच फळ्यावर, आणि फळ्याच्या वर लाकडी क्रूस आहे. काकांनाही ते दिसत होतं. आम्ही फक्त मान वर करून तिकडे बघितलं. काका हसले. "बरं, करा," म्हणाले, "पण तासाभरात आटपा."

मुलीनं घरी विचारलेला प्रश्न याहून अवघड होता. "बाबा, म्हणजे माणूस ख्रिश्चन आणि मराठी, दोन्ही असू शकतो?" त्याचं उत्तर आमच्या मंडळातच होतं. मूळचं अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) एक कुटुंब गेली आठ वर्षं आमच्या गणपतीत मागच्या रांगेत बसतं, प्रसाद घेतं, खुर्च्या आवरायला थांबतं. आडनावावरून कुणाला काही कळत नाही. आम्ही त्या वहिनींना भीतभीतच विचारलं, कार्यक्रमात एखादं गीत म्हणाल का? त्या क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, आठ वर्षांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं." दुसऱ्या दिवशी त्या 'उपासना संगीत'ची जुनी प्रत घेऊन आल्या, त्यांच्या आजीची, पानं पिवळी पडलेली. त्यातली गाणी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची, आम्हाला न शिकवता ठेका धरता येईल अशी. रेव्हरंड टिळकांची कितीतरी. वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही नंतर पडताळून पाहिली. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत, साध्या बायकांना कळेल अशा बोलीत आणलं. केडगावच्या बायकांनीच ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात रमाबाई गेल्या; ग्रंथ बाहेर आला तो १९२४ मध्ये.

कार्यक्रम तासाभरात आटपला नाही. मुलीनं रमाबाईंच्या अमेरिकेतल्या प्रवासाचा भाग वाचला, थोडा अडखळत, पण मराठीत. वहिनी गायल्या तेव्हा काकांची बोटं खुर्चीच्या दांडीवर चालत होती, हे आम्ही पाहिलं आहे. नर्सबाईंना आम्ही आमंत्रण धाडलं होतं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, प्रवास झेपत नाही. त्यांनी फोन करून विचारलं, ही बाई कोण, तिचं पुस्तक मोठ्या अक्षरात मिळेल का? मोठ्या अक्षरात मिळालं नाही. मुलगी आता दर रविवारी संध्याकाळी फोनवरून त्यांना एकेक प्रकरण वाचून दाखवते. सध्या दोघी तिसऱ्या प्रकरणात आहेत.