ऑरेंज नावाच्या गावात संत्री पिकत नाहीत

सिडनीपासून अडीचशे किलोमीटरवर ऑरेंज नावाचं गाव आहे. बाबांनी नकाशात ते नाव वाचलं आणि प्रवासाचा पहिला मुक्काम तिथेच ठरवून टाकला. नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तिथे पोहोचल्यावर कळलं, की तिथे सफरचंदं होतात, चेरी होते, वाइनची द्राक्षं होतात. संत्र्यासाठी तिथली थंडी फार कडक. गावाला नाव मिळालं ते प्रिन्स ऑफ ऑरेंजवरून, मेजर मिचेल नावाच्या सर्व्हेअरने दिलेलं. बाबा सफरचंद खात म्हणाले, "म्हंजे इथं बी नाव एकाचं अन् माल दुसऱ्याचा."

एप्रिल २०२५. ईस्टरच्या सुट्ट्या आणि पंचवीस तारखेचा अँझॅक डे यांच्या मधले कामाचे दिवस रजेत घातले, आणि आई, बाबा व मी असे तिघं भाड्याची मोटरहोम घेऊन निघालो. ते दोघं खाप्याहून पहिल्यांदाच परदेशात आले होते. सिडनीत ऑपेरा हाऊस बघून झालं, समुद्र बघून झाला. चौथ्या दिवशी बाबा बाल्कनीत उभे राहून विचारायला लागले, "इथले शेतकरी कुठी राह्यतात?" शहर त्यांच्यासाठी तिथेच संपलं होतं.

खापा माहीत नसेल तर सांगते. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावरचं नगरपरिषदेचं गाव. जुनी ओळख कोष्ट्यांच्या मागांची. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. आजूबाजूला कापूस, तूर, संत्र्याचे बगीचे. आमचं वावर पाच एकर, कोरडवाहू. मी नागपूरला इंजिनीअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता तीन वर्षं सिडनीत एका कंपनीसाठी कोड लिहिते. घरात मी एकटीच. म्हणजे वावराचं पुढे काय, हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. फोनवर मात्र तो कधी येत नाही. फोनवर पाऊस येतो, भाव येतो, आईचे गुडघे येतात.

मोटरहोम म्हणजे सात मीटर लांबीच्या गाडीत बसवलेलं घर. गॅसच्या दोन शेगड्या, छोटा फ्रीज, रात्री उलगडून पलंग होणारा सोफा, आणि ज्याची टाकी आपल्यालाच रिकामी करावी लागते असा संडास. गावोगावी त्यासाठी डंप पॉइंट असतात. पहिल्या दिवशी ते काम मी करत असताना आई म्हणाली, "एवढे पैसे देऊन हे?" बाबांना गाडी भलतीच आवडली. त्यांच्या मते यात नवं काहीच नव्हतं. त्यांचे आजोबा महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला बंडीनं जायचे. सौंसर, छिंदवाडा, मग सातपुड्याचा घाट. बंडीवर ताडपत्रीचं छप्पर, आत गादी, पीठ, भांडी, लेकरं; मागे बांधलेला कंदील. पाचसात बंड्या एकत्र निघायच्या, नदी दिसली की चूल मांडायच्या. "ही बंडीच हाये," बाबा म्हणाले, "फक्त बैल पुढच्या डब्यात घातले."

कॅरव्हॅन हा शब्दही आपल्याला परका नाही. फारसीतला कारवान तोच. आपल्याकडे त्याला तांडा म्हणतात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. म्हणजे आमच्या भागातल्या कापसाने माणसांना चालवलंय ते फार आधीपासून. त्यात आता मीही आले. कॉलेजची फी कापूस विकूनच भरली गेली होती.

ऑरेंजहून पार्क्स. तिथे मेंढ्यांच्या कुरणात चौसष्ट मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी आहे, १९६१ पासून. १९६९ मध्ये चंद्रावरच्या माणसाची चित्रं जगाने पाहिली, त्यातली बरीचशी हिने पकडलेली. पार्क्सला आम्ही न्यूएल हायवेला लागलो. व्हिक्टोरियाच्या सीमेपासून क्वीन्सलँडच्या सीमेपर्यंत न्यू साउथ वेल्स उभं चिरत जाणारा हा हजार किलोमीटरचा रस्ता. तासन्‌तास सरळ. समोरून दोन-दोन, तीन-तीन डबे जोडलेले ट्रक येतात आणि त्यांच्या वाऱ्याने आपलं घर हलतं. बहुतेक वेळा समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो नमस्कार असतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा प्रत्येकाला पूर्ण हात जोडायला लागले.

सुट्टीच्या दिवसांत रस्त्याकडेला 'ड्रायव्हर रिव्हायव्हर' लिहिलेले तंबू लागतात. गावातले म्हातारे स्वयंसेवक तिथे फुकट चहा-कॉफी आणि बिस्किट देतात, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून. आईने पहिला चहा घेतला, पाच डॉलर काढले, त्यांनी दानपेटी दाखवली. "पाणपोईच की," ती म्हणाली. त्यानंतर तंबू दिसला की ती मला थांबायलाच लावायची. मला झोप येतेय की नाही, हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

अंधार पडल्यावर इथे गाडी चालवायची नसते, कारण कांगारू रस्त्यावर येतात. त्यामुळे साडेपाचला दिवस संपायचा. मग लांबलचक संध्याकाळ, आठ-दहा डिग्री थंडी, पिठलं, ठेचा आणि तीन माणसं. घरात आम्ही तिघं असलो की एक जण अंगणात असतो, एक स्वयंपाकघरात, एक मोबाइलमध्ये. इथे अंगण नव्हतं आणि रेंजही नव्हती.

कूनाबाराब्रनजवळ वॉरमबंगल नॅशनल पार्क आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याला मान्यता मिळाली. दिवे कसे लावायचे याचेसुद्धा तिथे नियम आहेत, कारण शेजारीच सायडिंग स्प्रिंगची वेधशाळा आहे. रात्री आम्ही खुर्च्या बाहेर टाकल्या. एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी पाहिलं होतं, लहानपणी, खळ्यावर झोपताना. ते खुशीत तारे शोधायला लागले आणि गोंधळले. मृग सापडलं, पण उलटं. पेरणीचं नक्षत्र डोक्यावर पडलेलं. मग त्यांनी विचारलं, "ध्रुव कुठी हाये?" मी सांगितलं, दक्षिण गोलार्धातून ध्रुवतारा दिसतच नाही. तो पृथ्वीच्या पोटामागे आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग तुम्ही लोकं इथं दिशा कशी ओळखता?" मी दक्षिणेकडचा क्रॉस दाखवला. 'तुम्ही लोकं' मात्र माझ्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी नॅराब्राय आणि तिथून पश्चिमेला वी वा. हे गाव स्वतःला ऑस्ट्रेलियाच्या कापसाची राजधानी म्हणवतं. खरं तर या प्रवासाचं माझ्यापुरतं कारण हेच होतं. एप्रिल म्हणजे तिथला वेचणीचा महिना.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरं. बाबा गाडीतून उतरले आणि कुंपणापाशी उभे राहिले. पऱ्हाटीला पान नव्हतं. यंत्राने वेचायचं म्हणून आधी औषध मारून पानं गाळतात. नुसत्या काड्या आणि बोंडं. हिरवं मशीन ओळीवरून यायचं, कापूस ओढून घ्यायचं, पोटात त्याचा गोल गठ्ठा वळायचं, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि मागे सोडून द्यायचं. एक गठ्ठा सुमारे सव्वादोन टनांचा. आत एक माणूस, एसीत.

बाबांनी तिथेच हिशेब केला. बावीस क्विंटल. आमच्या पाच एकरांत बऱ्या वर्षी तीस-बत्तीस क्विंटल होतो. म्हणजे आमचा आख्खा हंगाम, जूनच्या पेरणीपासून संक्रांतीपर्यंतचा, तिथे दीड गठ्ठा. आमच्याकडे चांगली वेचणारी बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. समोरचा एक गठ्ठा म्हणजे एका बाईचे सलग दीड महिन्याहून जास्त दिवस. मशीनने तो काही मिनिटांत टाकला.

"एवढ्या वावरात माणूस कुठी हाये?" बाबा म्हणाले.

आमची गाडी उभी पाहून शेतमालक त्याची पिकअप घेऊन आला. काही बिघडलंय का, विचारायला. साठीचा, उन्हाने भाजलेला. मी सांगितलं, हे माझे वडील, भारतात कापूस पिकवतात. त्याने टोपी काढली आणि थेट बाबांशी बोलायला लागला, मधे मी दुभाषी. पुढची चाळीस मिनिटं दोघांनी जे विचारलं ते मी आयुष्यभर अंगणात ऐकत आले होते. पाणी किती? अळी किती? भाव काय?

नामोई नदीतून आणि धरणातून त्याला पाण्याचा वाटा मिळतो. २०१९च्या दुष्काळात तो वाटा शून्य झाला, तेव्हा या जमिनीत त्याने काहीच पेरलं नाही. भारताची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियाच्या बागायती कापसाची दोन हजारांच्या पुढे. बाबांना तो आकडा भाषांतराशिवाय कळला. पण भाव तोही ठरवत नाही. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात आकडा हलतो, तो फोनवर बघतो. ऑस्ट्रेलियात सूतगिरण्या उरलेल्या नाहीत, जवळजवळ सगळा कापूस बाहेर जातो. २०२२च्या करारानुसार त्यातला ५१ हजार टन दरवर्षी भारतात शून्य आयात शुल्काने येऊ शकतो. हे मी सांगितल्यावर बाबा हसले. "म्हंजे हा माणूस आपल्याच बाजारात बसते."

निघताना त्याने बाबांना विचारलं, तुमच्यानंतर शेती कोण करणार? मी क्षणभर थांबले आणि मग भाषांतर केलं. बाबांनी उत्तर दिलं नाही, उलट त्यालाच विचारलं. त्याची दोन्ही मुलं ब्रिस्बेनला. जमीन बहुधा एखादी कंपनी घेईल, तो म्हणाला, आणि खांदे उडवले.

त्या रात्री आम्ही नामोईच्या काठी थांबलो. जेवण झालं. बाबा मग म्हणाले, "लेआउटवाला येऊन गेला, दोनदा. भाव चांगला देते. तुले विचारून सांगीन म्हणलं." फोनवर कधी न आलेला प्रश्न दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी सिडनीत राहणार का, कागदपत्रं कुठवर आली, हे त्यातच आलं.

'विकू नका' हे इथे बसून बोलायला सोपं. 'विकून टाका' हेही तितकंच सोपं, कारण दोन्हींत घाम माझा नाही. मी खरं ते सांगितलं. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज केलाय, पुढची काही वर्षं तरी मी येत नाही. माझ्यासाठी म्हणून वावर ठेवू नका, आणि माझ्यामुळे म्हणून विकूही नका.

बाबा काही बोलायच्या आत आई भांडी पुसत म्हणाली, "मले कोणी विचारते का?"

आम्ही दोघंही वळलो.

"तुमाले मशीन पाहून वाईट वाटलं, माणूस दिसला नाही म्हणून. मले तर लय बरं वाटलं. येवढा कापूस, अन् एक बी बाई वाकलेली नाही." ती थांबली. "वावर माह्यंबी हाये ना? बावीस वर्षं वेचला मी. विकाचं नाही. पण कापूस आता पुरे."

बाबांनी कापसाचा भाव, तुरीचा भाव, रानडुकरं, सगळे मुद्दे काढले. आईने एकेकाला उत्तर दिलं. तिने हे सगळं कधीच ठरवून ठेवलं होतं. आपल्या घरात इतका अभ्यास झालेला आहे, हे बाबांना तेव्हा कळलं आणि मलाही. अकराच्या पुढे मी झोपले. ते दोघं खाली बोलतच होते, हळू आवाजात, भांडणाच्या नव्हे, पेरणीच्या आधी बोलतात तशा सुरात.

हे लिहिताना मी दिवाळीला खाप्यात आले आहे. ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८११० रुपये होता, पण खुल्या बाजारात व्यापारी त्याच्या खाली मागत होता. गल्लीत सगळीकडे हीच चर्चा. आमच्या पाच एकरांपैकी तीन एकर शेजारच्यांना ठेक्यानं दिलेत, त्यांनी कापूसच लावलाय. दोन एकरांत तूर आणि सोयाबीन होतं. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे. आई रोज सकाळी जाते, पण वाकायला नाही, बघायला.

आणखी एक झालं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती चळवळीनंतर १९९२ मध्ये सरकारने निर्णय काढला होता, की नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. गावात फार कोणी तो अर्ज केलेला नाही. बाबांनी परत आल्यावर तलाठी कार्यालयात जाऊन केला. मला सांगितलंही नाही. काल आईने मोबाइलवर सातबारा उघडून माझ्यासमोर धरला, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "लेआउटवाला आला होता गेल्या आठवड्यात. म्हणलं, माही सही लागते."